सहावा ग्लास

ठाण्याच्या कोर्टनाक्याजवळच्या 'हॉटेल स्वागत'ची पाटी उतरली आणि तिच्या जागी 'ला कॅव्ह' अशी तिरक्या, बारीक अक्षरांची पाटी चढली, त्याला तीन महिने झाले. जुनी गिऱ्हाइकं अजूनही दारात थबकून "स्वागत कुठं गेलं हो?" असं विचारायची, आणि "हेच ते, या" असं सांगून सांगून गुणाजी पाष्टे थकून गेला होता. थकायला तशी कारणं बरीच होती. वय सत्तावन्न. त्यातली अठ्ठावीस वर्षं याच फरशीवर, हातात ट्रे घेऊन, उभ्यानं गेलेली. उजवा गुडघा पायरी दिसली की आधीच कुरकुरायला लागायचा. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आता या वयात परीक्षा द्यायची होती.

परीक्षा वाइनची. जुने मालक आनंदराव घरी बसले आणि त्यांचा मुलगा मुकुल फ्रान्समधून हॉटेलचं शिक्षण घेऊन गल्ल्यावर आला. लहानपणी याच मुकुलला गुणाजीनं मागच्या टेबलावर बसवून गृहपाठ करताना लिंबूसरबत पाजलं होतं. तो आता भिंतीवर एक नकाशा टांगून वेटरांना सांगत होता, "हे बोजोले, फ्रान्समधला प्रांत. इथली द्राक्षं बघायची झाली तर एकच, गामे. पण वाइन दहा. दहा गावांच्या दहा. एकीची चव दुसरीला नाही. आपण व्हिस्की बंद, रम बंद, फक्त या दहा लाल वाइन ठेवणार. अख्ख्या ठाण्यात असं कुणाकडे नाहीये."

अख्ख्या ठाण्यात असं कुणाकडे का नाही, याचा विचार मुकुलनं केला नसावा. पण मालकानं मनावर घेतलं की वेटरनं मान डोलवायची असते, आणि तेवढं गुणाजीला झोपेतही जमत होतं.

दर मंगळवारी सकाळी देवयानी मॅडम शिकवायला यायच्या. घंटाळीला राहणाऱ्या, चष्म्याला साखळी लावलेल्या, स्वभावानं प्रेमळ बाई. त्या गावांची नावं फळ्यावर लिहायच्या आणि चारही वेटर ती घोकायचे. सँतामूर, ज्युलिएना, शेना, मुलँ-आ-वां, फ्लरी, शिरुब्ल, मॉर्गों, रेन्ये, ब्रुई, कोत द ब्रुई. तिशीतला प्रीतम ती मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ऐकायचा आणि तरीही शेनाचं ज्युलिएना करून ठेवायचा.

गुणाजीला मात्र हे लवकर उमगलं, कारण त्यानं त्या दहा गावांना गावं मानलंच नाही. त्याच्या लेखी त्या वाड्या होत्या. संगमेश्वराजवळच्या त्याच्या गावाला सात वाड्या. कोकम सगळीकडे एकच, पण वरच्या वाडीच्या सोलांचा वास निराळा आणि खाली नदीकाठच्या सोलांचा निराळा. डोळे बांधून समोर धरली तरी आजी सांगायची, ही गुरववाडीची, ही तेलीवाडीची. बोजोलेचं तरी याहून वेगळं काय होतं? शिरुब्ल म्हणजे डोंगरावरची वाडी, सगळ्यात उंच, म्हणून वाइन हलकी, नुकत्या धुतलेल्या करवंदांसारखी. फ्लरीच्या ग्लासात नाक घातलं की सुरंगीच्या गजऱ्याची आठवण व्हायची. ज्युलिएनात दालचिनीचं पान चुरगळलेलं. कोत द ब्रुई ही कातळावरची, पाऊस पडून गेल्यावर दगड जसा वास सोडतो तशी. मुलँ-आ-वां म्हणजे तालेवार वाडी, लवंग आणि जुन्या संदुकीचं लाकूड. आणि मॉर्गों म्हणजे पिकून झाडाखाली पडलेलं जांभूळ, त्याला चिकटलेल्या मातीसकट.

हे सगळं त्यानं एकदा वर्गात सांगितलं तेव्हा देवयानी मॅडम वहीत लिहून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुणाजी, तुम्ही चाखत नाही, हे माझ्या लक्षात आलंय. काही म्हणणं नाही माझं. तुमचं नाक माझ्या जिभेच्या पुढे आहे."

चाखत नाही, हे खरं होतं. का चाखत नाही, हे मात्र तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

एके काळी गुणाजी प्यायचा. गिऱ्हाइकं उठून गेली की ग्लासांच्या तळाशी उरलेलं एका ग्लासात जमा करायचा. व्हिस्की, रम, बिअर, जे असेल ते, आणि मोरीपाशी उभ्यानं संपवायचा. पुढे विकत घेऊनही प्यायला लागला. एकोणीस वर्षांपूर्वी शिमग्याला गावी गेला असताना ग्रामदेवीची पालखी त्यानं पिऊन खांद्यावर घेतली. नाचवताना पाय लटपटला आणि पालखी कलंडली. देवी पडली नाही, चार जणांनी सावरली. पण सगळ्या सात वाड्यांसमोर जी शोभा व्हायची ती झाली. दुसऱ्या दिवशी बायकोनं, कलावतीनं, देवळात नारळ ठेवला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "आजपासून हा थेंब तोंडाला लावणार नाय, याला बळ दे गो माय." नारळ परत कलावतीच्या ओटीत घालून तो म्हणाला, "हा देव्हाऱ्यात ठेव. शब्द मोडला तर हा पाण्यात सोडायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची."

नारळ कळव्याच्या घरात देव्हाऱ्यावरच्या फळीवर बसला तो बसलाच. त्यातलं पाणी केव्हाच आटलं. दिवाळीच्या साफसफाईला कलावती तो खाली उतरवायची, कानाशी हलवून बघायची, आत खोबऱ्याचा गोटा खुळखुळ वाजायचा, आणि ती समाधानानं तो पुसून परत ठेवायची. आणि गुणाजी कामावरून घरी आला की दारातच म्हणायची, "हा करा." तो तिच्या तोंडासमोर "हा" करून श्वास सोडायचा. सुरुवातीची दोन वर्षं ती पोलिसासारखी तपासणी होती. पुढे ती सवय झाली, मग थट्टा. आणि अलीकडे तर, खरं सांगायचं तर, दिवसभरात नवराबायको एकमेकांच्या इतके जवळ येण्याची तेवढीच एक वेळ उरली होती.

त्यामुळे गुणाजीनं स्वतःची एक युक्ती काढली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो आदल्या दिवशीचे न धुतलेले ग्लास एकेक उचलायचा. आत वाइन नसायचीच, नुसता काचेला धरलेला लाल डाग. भरलेल्या ग्लासात दहा वास एकदम अंगावर येतात, वाळलेल्या ग्लासात जो खरा तो एकच मागे राहतो. कुठल्या टेबलाला काय दिलं होतं हे त्याला पाठ असायचं. ग्लास हुंगायचा, नाव म्हणायचा, मग धुवायचा. दोन महिन्यांत दहाही वाड्या त्याच्या ओळखीच्या झाल्या.

परीक्षेच्या मंगळवारी अकरा वाजता खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवलेल्या होत्या. एका लांब टेबलाशी चौघे वेटर बसले. प्रत्येकासमोर एक पांढरा कागद, त्यावर एक ते सहा आकडे, प्रत्येक आकड्यावर एक ग्लास. कडेला थुंकायला स्टीलची छोटी बादली. दुसऱ्या कागदावर सहा रेघा, नावं लिहायला.

मुकुल हात चोळत म्हणाला, "टेन्शन नका घेऊ. पण सांगून ठेवतो, इथे फ्लोअरवर मला दोघंच लागणार आहेत. बाकीच्यांना आपलं कल्याण-शीळ रोडचं लॉन आहेच."

लॉन म्हणजे लग्नांचा हॉल. तिथे बुफेची भांडी उचलायची, गच्चीवरच्या स्वयंपाकघरातून दोन जिने उतरवायची आणि परत चढवायची. गुणाजीनं टेबलाखाली गुडघा चोळला. तिथे आपण पंधरा दिवससुद्धा टिकणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि टिकलो नाही तर या वयात, या पायांवर, दुसरीकडे कुणी दारातही उभं करणार नव्हतं.

पहिला ग्लास. करवंदं. शिरुब्ल. दुसरा नाकाशी नेण्याआधीच सुरंगी आली. फ्लरी. तिसरा दालचिनीचा, ज्युलिएना. चौथ्याला ओला कातळ, कोत द ब्रुई. पाचवा नाकाशी धरला आणि गुणाजीला मनातल्या मनात हसू आलं. जांभूळ, मातीसकट. मॉर्गों, दुसरं काय? त्यानं पाच नावं लिहिली. शेजारी प्रीतम घोट घेऊन तोंडात खुळखुळवत होता, बादलीत थुंकत होता आणि छताकडे बघून देवाचं नाव घेत होता.

सहावा ग्लास गुणाजीनं उचलला. जांभूळ, मातीसकट.

त्यानं ग्लास खाली ठेवला. पाणी प्यायला. स्वतःच्या मनगटाचा वास घेतला, मॅडमनीच शिकवलं होतं तसा, नाक कोरं करायला. परत पाचवा, परत सहावा. तेच. तसूभरही फरक नाही. नाक स्वच्छ सांगत होतं की हे दोन्ही एकच आहेत.

पण कागदावर सहा रेघा होत्या. अठ्ठावीस वर्षांत तो एक शिकला होता, सहा जणांच्या टेबलाला सहा ऑर्डर असतात. परीक्षेत एकच गोष्ट दोनदा कोण विचारतं? मॉर्गोंच्या जवळची म्हणजे मुलँ-आ-वां, मॅडम म्हणाल्या होत्या की या दोघींत भलेभले फसतात. म्हणजे सहावी तीच असणार आणि लवंग आपल्याला येत नाहीये. मग त्याला कोरोना आठवला. त्या तापात अडीच महिने त्याचं नाक बंद पडलं होतं. तव्यावर भाकरी करपून कोळसा झाली, घरभर धूर झाला, तरी याला पत्ता नव्हता. नाक परत आलं, पण सगळंच परत आलं कशावरून? लवंगेपुरतं मागे राहिलं असेल तर?

प्रीतमनं सहाही रेघा भरून पेन खाली ठेवलं. गुणाजीची सहावी रेघ अजून कोरी होती.

तोंडात घ्यायची आणि थुंकायची, यात पिणं कसलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. सगळ्या जगात वाइनवाले असंच करतात. बादली ठेवलीये ती काय शोभेला? आणि हे सगळं सांगत असताना त्याचा हात आधीच वर आलेला होता, हे त्याला नंतर आठवलं.

एकोणीस वर्षांनी जिभेला ते लागलं. आंबट, मग गोडसर, मग कडेला ती तुरट ओढ. त्याला वाटलं होतं आपण विसरलो असू. जीभ काही विसरली नव्हती. लागायला हवा होता त्याहून थोडा जास्त वेळ त्यानं तो घोट तोंडात ठेवला. मग बादलीवर वाकला आणि थुंकला. सगळा नाही. थोडा आत गेला, आणि चुकून गेला असं म्हणायची सोय त्यानं स्वतःला ठेवली नाही.

लवंग नव्हती. जांभूळच होतं. सहाव्या रेघेवर त्यानं पुन्हा मॉर्गों लिहिलं.

देवयानी मॅडमनी कागद गोळा केले, चष्मा वर सरकवून वाचले आणि हसायलाच लागल्या. "मुकुल, तू हरलास. मी म्हटलं होतं ना, एक जण तरी ओळखेल." मग वेटरांकडे वळून म्हणाल्या, "पाच आणि सहा एकाच बाटलीतल्या आहेत. मुद्दाम ठेवल्या होत्या. बाकी तिघांनी दोन वेगळी नावं लिहिलीयेत. एकट्या गुणाजींनी दोनदा मॉर्गों लिहिलंय."

मुकुलनं गुणाजीला मिठीच मारली. "काका! वेटरांचे कॅप्टन तुम्ही! आजपासून!" प्रीतमनं टेबलावर थाप मारली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मॅडम जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्यासाठीच ठेवलं होतं मी ते. जिभेला दोन घोटांत भास होतात, नाकाला होत नाहीत. पहिल्या वासालाच कळलं असेल ना तुम्हाला?"

"हो मॅडम," गुणाजी म्हणाला. "पहिल्याच वासाला."

 जे आधीच माहीत होतं ते पडताळायला त्यानं एकोणीस वर्षांचा शब्द घालवला होता. नाक खरं बोलत होतं, मॅडमना त्याचा भरवसा होता, नव्हता तो एकट्या गुणाजीला. आणि त्याहूनही जिवाला लागलेली गोष्ट म्हणजे शंका आली म्हणून हात वर गेला, की हात वर जायचा होता म्हणून शंका आली, हे त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं.

मुकुलनं बक्षीस म्हणून मॉर्गोंची अख्खी बाटली त्याच्या हातात ठेवली. मुकुल आत जाताच गुणाजीनं ती प्रीतमच्या पिशवीत घातली.

"काका, आज तुम्ही घेतलीत ना?" प्रीतमनं विचारलं. "मी बघितलं. पण थुंकलात की. थुंकलं म्हणजे काय पिलं थोडीच?"

गुणाजीनं पिशवीचे बंद ओढून घट्ट बांधले.

मुकुलनं सगळ्यांना दुपारीच सुट्टी दिली. एरवी गुणाजी नाक्यावरून शेअर रिक्षा पकडायचा. आज चालत निघाला, खाडीच्या पुलावरून. ऊन मरणाचं होतं, खाली ओहोटीचा काळा चिखल उघडा पडला होता आणि त्याच्या वासातसुद्धा गुणाजीला जिभेवरची चव कळत होती. थुंकी गिळली की परत यायची. कळवा नाक्याच्या देशी दारूच्या दुकानापुढे त्याचे पाय थांबले नाहीत, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. पण दुकान किती पावलांवर आहे, हे त्याला पुलाच्या मध्यापासून माहीत होतं. एकोणीस वर्षं तो त्या दुकानासमोरून रोज गेला होता आणि ते उघडं आहे की बंद, याकडेही कधी बघितलं नव्हतं. आज उघडं होतं.

पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी चाळ होती, वर चढायला चौदा पायऱ्या. प्रत्येक पायरीला गुडघा बोलला. चढता चढता त्याच्या लक्षात आलं की आता दुपारचे तीन वाजलेत. या वेळी कलावती "हा करा" म्हणणार नाही. तिची तपासणी रात्री कामावरून आल्यावरची, दुपारची नाही. रात्रीपर्यंत चव निघून जाईल, बडीशेप खाता येईल. कॅप्टन झालो, एवढंच सांगितलं तरी चालेल, आणि ते खोटंही नसेल. सात वाड्यांतलं कुणी इथे बघायला येणार नव्हतं.

दार उघडंच होतं. कलावती जमिनीवर बसून वालाचे दाणे सोलत होती.

"आज लवकर?" ती म्हणाली. "बरं नाय का? की नापास केलं त्यांनी?"

"पास झालो. कॅप्टन केलं."

"मग तोंड का असं?" ती उठली. "गूळ देते. हातपाय धुवा आधी."

गुणाजी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "कला, इकडे ये."

ती जवळ आली. तिनं काही विचारलं नव्हतं. गुणाजीनं तिच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि "हा" केलं.

कलावतीच्या हातात वालाचा एक दाणा होता. तो तिनं मुठीत घट्ट धरला. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर गुणाजीला बरं वाटलं असतं. होती ती नुसती दमणूक. एका क्षणात ती म्हातारी दिसायला लागली.

"किती?" तिनं विचारलं.

"एक घोट. परीक्षेत. थुंकायची असते ती." त्यानं मान खाली घातली. "थुंकलो. पण सगळी नाय."

"पास व्हायला घ्यावी लागली?"

इथे हो म्हणायची संधी होती. "नाय," गुणाजी म्हणाला. "घेतली नसती तरी झालो असतो. मला आधीच कळलं होतं."

कलावती आत गेली. तिनं स्टूल ओढलं आणि त्यावर चढली. एरवी ती गुणाजीला चढवायची नाही, त्याच्या गुडघ्यामुळे, आणि स्वतः चढली की "धरा हो" म्हणायची. आज तिनं धरायला सांगितलं नाही. देव्हाऱ्यावरच्या फळीवरून तिनं तो नारळ उतरवला आणि सवयीनं कानाशी नेऊन हलवला. आतला गोटा खुळखुळला. तिनं तोंडाला पदर लावला, मग पदरानंच नारळ पुसला, नेहमीसारखा, चहूबाजूंनी.

गुणाजी चपला काढायला वाकला.

"चपला काढू नका," ती म्हणाली. "आधी खाडीवर जायचंय. मग येताना नाक्यावरून नवा घ्यायचा. पाण्यानं भरलेला बघून घ्या."

"कला, एकोणीस वर्षं होती ती."

"माझी पण होती," कलावती म्हणाली.

तिनं नारळ कापडी पिशवीत घातला, दाराला कडी लावली आणि पुढे झाली. गुणाजी कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागला. सातव्या पायरीवर ती थांबली आणि मागे वळली. खालच्या पायरीवर उभी असल्यानं तिला मान वर करावी लागली.

"हा करा," ती म्हणाली.

त्यानं केलं.

कलावतीनं डोळे मिटून वास घेतला, मान हलवली आणि त्याच्या गुडघ्याकडे बघून आधाराला खांदा पुढे केला.

"उद्या परत बघते," ती म्हणाली.